एक सूत जास्त

मामाजी, परवा तुमची तेरवी झाली. वांग्याच्या भाजीत मीठ कमी होतं. साठ-सत्तर माणसं जेवून गेली, एकानंही म्हटलं नाही. तुम्ही असते तर पहिल्याच घासाला माझ्याकडे पाहून म्हणाले असते, "काऊन वंदना, मीठ दुकानातच राह्यलं काय?" मी वाढत होते आणि कोणीतरी म्हणेल म्हणून वाट पाहत होते. कोणी म्हटलं नाही. सगळ्यांनी चुपचाप खाल्लं, हात धुतले, आणि निघताना मला सांगितलं की माणूस फार चांगला होता.

तुम्ही गेल्यापासून मी रडले नाही. बायांनी ते पाहिलं. सुनेच्या डोळ्यात टिपूस नाही, असं आपसात बोलल्याही असतील. बोलोत. खोटं थोडंच आहे? मी गाद्या मोजल्या, मंडपवाल्याची भांडी मोजली, तुमच्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं कपाटातून काढून एका पिशवीत भरली. हात चालत होते. आत काही हलत नव्हतं. दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रोज लोकांच्या रक्ताच्या नळ्या हातात धरते, तसंच सगळं चाललं होतं. नळीवर नाव असतं, माणूस दिसत नाही.

तुमच्याशी बोलताना मी आपलं वऱ्हाडीच बोलायची. कागद समोर आला की शाळेतली मराठी येते. चालवून घ्या.

मला बोलायचं आहे ते त्या गाईडबद्दल. दुसरं काही नाही. मागच्या टिनाच्या खोलीतलं तुमचं कटर मशीन, टेबलाच्या मधून वर आलेलं त्याचं गोल पातं, आणि पात्याच्या बाजूची ती सरळ पट्टी. फळी त्या पट्टीला टेकवून पुढे ढकलली की शेवटपर्यंत एकाच रुंदीची चिरली जाते, एवढंच तिचं काम. एवढ्याशा पट्टीवरून आपण दोघं एकोणीस दिवस नीट बोललो नाही, आणि विसाव्या दिवशी तुम्ही गेले. माझ्यावर रागावून गेले का, हे मला कोणी सांगू शकत नाही.

तुमची जुनी गाईड म्हणजे सागाची एक पट्टी होती, दोन्ही टोकांना दोन शिकंजे आवळलेली. दर वेळी टेपनं पुढून मोजायचं, मागून मोजायचं, हातोडीनं हळूच ठोकायचं, परत मोजायचं. एवढं करून फळी यायची ती सूतभर, इंचाचा आठवा हिस्सा, जास्तच. सुरुवातीला मला वाटायचं, म्हातारपणाची नजर. नंतर कळलं, तुम्ही मुद्दाम करता. कारंज्यात हायवेला लागून तुमचं किराणा दुकान होतं, चाळीस वर्षं तराजूचं पारडं तुम्ही गिऱ्हाइकाकडे झुकवलं. दुकान सुटलं, कारंजा सुटलं, आत्याबाई गेल्यावर एकटे पडले म्हणून तुम्ही आमच्याकडे वर्ध्याला आले, पण हात तोच राहिला. लाकडालाही तुम्ही झुकतं माप द्यायचे!

"सूतभर जास्त कापाव," तुम्ही म्हणायचे. "जास्तीचं रंध्यानं काढता येते. कमी कापलं त कोन जोडून देईन?"

"पण मामाजी, मग दर वेळी रंधा मारावा लागते ना!"

"मंग मारू ना. कोनती गाडी सुटून राह्यली आपली?"

ओट्याखालचे माझे चार ड्रॉवर तुम्ही करायला घेतले, त्यातले तीन बसले, ते असेच तासून तासून. एकाच्या मापात दुसरा बसत नाही. चहाचा ड्रॉवर मसाल्याच्या खणात कधी गेला नाही. मी मिलिमीटरवाली बाई. थेंब इकडचा तिकडे झाला तर रिपोर्ट चुकतो, अशा कामात माझी वीस वर्षं गेली. तुमचं ते सूत-सूत ऐकून माझं डोकं फिरायचं.

तरी सात वर्षं मी त्या मशीनच्या मागे उभी राहिले. तुम्ही समोरून फळी ढकलायची, मी पलीकडून धरून ओढून घ्यायची. तान्ह्या पोळ्याच्या आधी तर पंधरा दिवस आपल्याला उसंत नसायची. गल्लीतल्या दर घरच्या लेकराला लाकडाचा नंदी पाहिजे, आणि चाकं लावलेला पाहिजे. ड्युटीवरून आले की स्कूटी उभी करायची, डबा ओट्यावर ठेवायचा आणि थेट मागे. तुमच्या लेकाला, प्रशांतला, भुशानं शिंका येतात, म्हणून मदतीला मीच. खरं सांगू, मला आवडायचं. सागाचा तो वास, आणि कामापुरतं बोलणं.

पण ढकलायला तुम्ही मला कधी दिलं नाही. एकदाच दिलं होतं, आठवते? पट्टी पात्याच्या उजवीकडे. मी डावखुरी. माझा डावा हात आपोआप पात्यावरून आडवा गेला आणि तुम्ही एवढ्यानं ओरडले की शेजारची बाई गच्चीवर आली. बटण बंद करून तुम्ही पाटावर बसले. पाणी मागितलं. मग म्हणाले, "डाव्या हाताच्या मानसानं या मशीनले हात नाई लावाचा. झालं."

डाव्या हाताचं तुमचं पहिल्यापासूनच होतं म्हणा. दुकानात कोणी डाव्या हातानं दिलेली सकाळची पहिली बोहनी तुम्ही घ्यायचे नाहीत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, आधी हात बदलायला लावायचे. लग्न होऊन मी आले, पहिल्या दिवशी डाव्या हातानं चहाचा कप पुढे केला, तुम्ही तो घेतलाच नाही. रागावले नाही. नुसते पाहत राहिले, मी हात बदलेपर्यंत. अठरा वर्षं तुमच्यासमोर मी उजव्या हातानं कप दिला, आणि अठरा वर्षं थोडा थोडा बशीत सांडला.

दिवाळीनंतर ती फळी उडाली. पट्टीचा मागचा शिकंजा ढिला झाला होता, पट्टी सरकली, फळी पात्यात आवळली गेली आणि उलटी तुमच्यावर आली. बरगडीजवळून गेली. तुमच्या मागच्या टिनाला तिनं पाडलेला पोचा अजून आहे. मी पलीकडेच उभी होते, मला सगळं दिसलं. तुम्ही म्हणाले, "काई नाई झालं. प्रशांतले सांगू नको." मी सांगितलं नाही. त्याच दिवशी मोबाईलवर नवी गाईड मागवली. ॲल्युमिनियमची, टेबलाच्या कडेला रूळ बसवून त्यावर सरकणारी, एक खटका दाबला की पुढून-मागून सारखीच घट्ट बसणारी, वर चिकटवायला मिलिमीटरची स्केल.

खोकं आलं. तुम्ही आतला कागद चष्मा लावून पूर्ण वाचला, परत घडी केला, खोकं फळीवर ठेवून दिलं.

"लावू ना सावकाश."

"कधी?"

"स्केल पाहून कापणारा मानूस लाकडाकडे पाहत नाई, वंदना."

रोज मी विचारायची, रोज तुमचं एक नवीन कारण. कधी ड्रिलचं पातं बोथट, कधी अमावास्या. मग तो रविवार आला. शेजारचे दोघं पाट करून घ्यायला आले होते. तुम्ही पट्टी ठोकत होते, तुमचा हात थरथरत होता, हातोडी दोनदा शिकंज्यावर बसली. आणि मी, त्या दोघांच्या समोर, काय म्हटलं ते मला शब्द न् शब्द पाठ आहे. "मामाजी, तुमचा हात थरथरते. हे मशीन आता तुमच्या हातचं राह्यलं नाई."

तुम्ही हातोडी जागेवर टांगली. मशीनवर पोतं टाकलं. आत येऊन टीव्ही लावला. त्यावर काय चालू होतं ते तुम्हालाही माहीत नसेल, मलाही नाही.

मला तेव्हाच माफी मागता आली असती. मी मागितली नाही, कारण मी बरोबर होते! हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मनात हेच होतं. बरोबर असलेल्या माणसानं कशाला माफी मागायची? मला वाटलं, दोन दिवस फुगतील आणि गाईड लावून टाकतील. दोनाचे एकोणीस झाले. मशीनवर पोतं तसंच. मी ड्युटीवरून यायची, मागच्या खिडकीतून पाहायची, पोतं तसंच. माझ्या मनानं घेतलं की यांनी ती खोली सोडली, आणि माझ्यामुळं सोडली.

बोलणं म्हणजे कामापुरतं. "दूध आलं का." "सिलिंडरवाला येऊन गेला." एका संध्याकाळी मात्र तुम्ही मधेच विचारलं होतं.

"एका सुतात मिलिमीटर किती असते वं?"

"तीन. तीनच्या थोडं वर."

"मंग तीन धरू?"

"धरा ना," मी म्हटलं. वर पाहिलंसुद्धा नाही. आणि त्याच आठवड्यात दोन-तीनदा तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. मी भाजी चिरत होते. विळी कधीची सुटली, पाटावर सुरीनंच चिरते मी. तुम्ही माझ्या हाताकडे पाहत होते. मला वाटलं चहा पाहिजे, म्हणून मी चहा ठेवला. उजव्या हातानं दिला. तुम्ही घेतला.

विसाव्या दिवशी मी लॅबमध्ये असताना प्रशांतचा फोन आला. खाटेवर पेपर वाचता वाचता. दवाखान्यात आणायचीही वेळ आली नाही. मी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली, त्यावर नंबर टाकला, मग हातमोजे काढले. नंबर आधी टाकला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत मी तेच आठवत होते, की नंबर बरोबर टाकला ना.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे काल, प्रशांतनं कारंज्याच्या वसंतभाऊला बोलावलं. तुमच्या दुकानाशेजारचा सुतार, तुम्हाला रंधा धरायला शिकवणारा. संत्र्याच्या रिकाम्या पेट्या तोडून तुम्ही त्याच्या ओट्यावर पहिला पाट केला होता, हे त्यानं तेरवीत चार जणांना सांगितलं. "मशीन घेऊन जा," प्रशांत त्याला म्हणाला. "घरात आता कोण चालवणार?" मी नाही म्हटलं नाही. मला ते डोळ्यासमोर नकोच होतं. वसंतभाऊ छोटा टेम्पो घेऊन आला, आम्ही तिघं मागे गेलो, त्यानं पोतं ओढलं.

गाईड लागलेली होती, मामाजी.

रूळ बसलेला, बोल्ट आवळलेले, ॲल्युमिनियम चकाकत होतं. सागाची जुनी पट्टी भिंतीशी उभी करून ठेवलेली. फळीवरचं खोकं मी काढून पाहिलं, रिकामं. म्हणजे आम्ही दोघं कामावर गेल्यावर तुम्ही रोज मागे जायचे आणि आम्ही यायच्या आत पोतं टाकून टीव्हीसमोर बसायचे. लबाड कुठले!

वसंतभाऊ खाली वाकला आणि चक् चक् करायला लागला. "काकाजीनं त उलटंच बसवलं ना जी, वैनी. गाईड पात्याच्या उजवीकडे राह्यते, यायनं डावीकडे लावली. अन् हे पाहा, स्केलचे आकडे बी उलटे, डोक्यावर उभे." बोटानं भोकं मोजली. "सहा भोकं पाडली लोखंडात. काई नाई, भरून घेईन मी, अन् उजवीकडे फिरवतो."

"बाबांचा गोंधळ झाला असेल," प्रशांत म्हणाला. "शेवटी शेवटी लक्षात राहत नव्हतं त्यांच्या."

मला आधी रागच आला. एवढी चांगली वस्तू, आणि उलटी लावून ठेवली. हात थरथरते म्हटलं होतं ना मी, तेच झालं. मग मी स्केल पाहायला वाकले. छापलेले आकडे खरंच उलटे होते. पण त्यांच्या खाली, रुळावर, पेन्सिलीनं सरळ आकडे लिहिलेले होते. ५०, १००, १५०, थेट शेवटपर्यंत. दुकानातल्या तुरीच्या, चण्याच्या डब्यांवर लिहायचे त्या अक्षरात, पाचाची शेपटी लांब ओढून. एकही आकडा सुताचा नाही. सगळे मिलिमीटरचे. तुम्ही जन्मात कधी मिलिमीटरनं काही मोजलं नाही. तुम्हाला कशाला पाहिजेत ते आकडे?

मी टेबलाला वळसा घालून समोर आले. सात वर्षं मी त्या मशीनच्या मागे उभी राहिले, समोर कधी नाही. पात्याच्या उजव्या अंगाला उभी राहिले. भिंतीशी पडलेली एक फळी उचलली, मशीन बंदच होतं, फळी गाईडला टेकवली. डावा हात फळीवर गेला आणि सरळ पुढे सरकला. पात्याच्या वाटेत आला नाही. उजव्यानं फळी बाजूनं दाबून धरली. दोन्ही हात जिथल्या तिथे. मी भाजी चिरते तशी उभी होते. आणि गाईड डावीकडे आली की स्केल फिरवूनच चिकटवावी लागते, शून्य पात्याकडे यावा म्हणून. गोंधळ कसला? एकेक भोक मोजून पाडलेलं होतं.

"वसंतभाऊ," मी म्हटलं, "मशीन नाई जात."

"काऊन वैनी?"

"उलटं नाई बसवलं त्यायनं. डावखुऱ्याचं बसवलं."

प्रशांतनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि तो बाहेर निघून गेला. वसंतभाऊनं त्या भोकांवरून परत एकदा बोट फिरवलं. मग चहा घेऊन रिकामा टेम्पो घेऊन गेला. जाताना म्हणाला, "डाव्या हाताची बोहनी न घेनारा मानूस होता बाप्पा तो."

हात थरथरत होता ना तुमचा? मग लोखंडात सहा भोकं एका रेषेत कशी पाडली? किती दिवस लागले? हे मी तुम्हाला विचारणार नाही, तुम्ही सांगणारही नाही. पण मी बरोबर होते आणि तुम्हीही बरोबर होते, आणि आपल्या दोघांपैकी एकालाच ते वेळेत कळलं. मला माफ करा. हे त्या रविवारी म्हणायचं होतं.

आज रविवार. सकाळी चहा झाल्यावर मी मागे गेले. चौथ्या ड्रॉवरची समोरची फळी तेवढी राहिली होती, चिरायची. खण मोजला, एकशे वीस मिलिमीटर. तुमच्या पेन्सिलीच्या आकड्यांवर गाईड एकशे वीसला लावली, खटका दाबला. पुढून-मागून मोजायची गरज नाही, म्हणून मोजलं नाही. बटण दाबलं. डाव्या हातानं फळी ढकलली. पलीकडे धरायला कोणी नव्हतं. चिरलेली फळी आपली आपण टेबलावर पडली. कड एवढी सरळ की मी बोट फिरवत राहिले.

फळी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि खणाला लावली.

बसली नाही.

टेप काढला. एकशे तेवीस. परत मोजलं. एकशे तेवीस. मागे जाऊन गाईड परत तपासली, नेमकी एकशे वीसवर होती. एक लहान तुकडा पन्नासवर लावून चिरला, त्रेपन्न आला. मग पेटली माझी ट्यूब. "मंग तीन धरू?" तुम्ही विचारलं होतं. आणि मी, वर न पाहता, धरा म्हटलं होतं.

मामाजी, वा रे वा! म्हणजे स्केल चिकटवताना बी तुम्ही झुकतं मापच दिलं. सून काटेकोर मोजीन, बरोबर लावीन, अन् तरी सूतभर जास्तच येईन, हे तुम्ही करून ठेवलं. मी हसली. त्या टिनाच्या खोलीत एकटी उभी राहून मोठ्यानं हसली.

स्केल मी काढणार नाई. राहू दे तशीच. मी फळी शिकंज्यात आवळली, तुमचा रंधा घेतला, अन् तुमचं ते जास्तीचं एक सूत काढाले बसली. पातळ पातळ साली निघत गेल्या, पायाशी पडत गेल्या. अर्ध्यावर आली तेव्हा मले पुढचं काई दिसे ना. डोळे पुसाले हात मोकळा नव्हता, मामाजी, म्हणून तशीच रडत तासत राह्यली.